पत्रे आहेत, पण दप्तर कुठे?

रायपूरच्या व्यापारी पेढ्यांत हिशेबाच्या वहीला जो मान आहे, तो पत्रव्यवहाराला आता उरलेला नाही. दिवाळीत वहीपूजन होते. मराठी घरांतून खंडेनवमीला संगणकालाही हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली जाते. मात्र त्याच संगणकाच्या पोटात साठलेल्या दहा-दहा वर्षांच्या पत्रांची दुसरी प्रत कुठे आहे, असे विचारले तर उत्तर बहुधा मौनाचे असते. सिलतरा आणि उरला येथील पोलादाचे व स्पंज आयर्नचे कारखाने असोत, आसपासच्या राईस मिल असोत की पंडरीच्या बाजारातील कापडाचे घाऊक दुकान असो. मालाची मागणी, दराची घासाघीस, मुदतवाढीची विनंती आणि ‘माल मिळाला’ ही कबुली, हे सारे आज मोठ्या प्रमाणावर ई-मेलने चालते. व्हॉट्सॲप आले तरी ज्या मजकुराला उद्या पुराव्याचे मोल येणार आहे, तो व्यापारी आजही ई-मेलनेच मागतो. असे असताना वही जिवापाड जपावी आणि पत्र वाऱ्यावर सोडावे, हा व्यवहार शहाणपणाचा म्हणता येणार नाही.

छत्तीसगडच्या भूमीला दप्तराची परंपरा नवी नाही. १७५८ पासून रतनपूर येथे बिंबाजी भोसले यांचा अंमल सुरू झाला आणि त्यांच्या कारभाराबरोबर मराठी भाषा व मोडी लिपी या प्रांतात आली. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्यालय रतनपुराहून रायपूरला हलवले. राजवट बदलली, लिपी बदलली. परंतु महत्त्वाच्या पत्राची नक्कल दप्तरी ठेवण्याची रीत दोन्ही राजवटींना ठाऊक होती. मराठी दप्तरखान्यांत कागद कापडी रुमालात बांधून ठेवीत, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदपत्रांची गणना ‘रुमालां’तच केली जाते. पुढे कार्बन पेपर आला, कार्यालयीन प्रत आली, आवक-जावकची बारनिशी आली. बारनिशीचा कारकून हा कचेरीतील सर्वांत दुर्लक्षित माणूस असे. पण वाद उपस्थित झाला की साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्याच्याच मेजाभोवती जमत.

ई-मेल आल्यावर ही रीत सुटली. ती सुटल्याचे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण ‘सेंट’ नावाच्या कप्प्यात पाठवलेल्या पत्राची प्रत डोळ्यांपुढे दिसत राहते. परंतु ही प्रत आलेल्या पत्रांच्या शेजारीच, त्याच डिस्कवर, पुष्कळदा त्याच एका फाइलमध्ये असते. मूळ कागद आणि त्याची नक्कल एकाच रुमालात बांधून वाळवी लागलेल्या फळीवर ठेवावी, तसाच हा प्रकार झाला.

यात धोका किती, हे समजण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या जानेवारीत दिलेला एक निर्णय पाहण्यासारखा आहे. दुबईची ट्रायमेक्स इंटरनॅशनल ही कंपनी आणि वेदांत ॲल्युमिनियम यांच्यात बॉक्साइटच्या पुरवठ्याविषयी ऑक्टोबर २००७ मध्ये बोलणी झाली. प्रस्ताव ई-मेलने गेला, स्वीकृतीही ई-मेलने आली. सह्या-शिक्क्यांचा रीतसर करारनामा होण्यापूर्वीच वाद उभा राहिला. करार झालाच नव्हता, असे एका पक्षाचे म्हणणे होते. दोन्ही पक्षांत झालेल्या पत्रव्यवहारावरून करार पूर्ण झाला होता आणि औपचारिक दस्त तयार व्हायचा राहिला म्हणून तो निष्फळ ठरत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. पाच जहाजे भरून माल देण्याघेण्याचा व्यवहार होता. आणि त्याचा आधार काय, तर दोन-चार दिवसांतील ई-मेल! ती पत्रे ज्या संगणकावर होती तो दावा दाखल होण्यापूर्वीच निकामी झाला असता, तर सत्य असूनही सांगायचे कशाच्या बळावर, असा प्रश्न पडला असता. रायपूरच्या एखाद्या कारखानदाराचा व्यवहार इतका मोठा नसेल. परंतु त्याच्या भांडवलाच्या मानाने नागपूरच्या व्यापाऱ्याकडे अडकलेले वीस लाख रुपये हे काही लहान जहाज नव्हे.

पत्र जपायचे ते कसे, याविषयीही कायद्याने मौन बाळगलेले नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ७ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेख जतन केला असे म्हणण्यासाठी तो पुढे केव्हाही पाहता आला पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा मूळ मजकूर अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात असला पाहिजे, आणि तो कोठून आला, कोठे गेला, कोणत्या दिवशी व वेळी आला-गेला हा तपशील त्यात असला पाहिजे. यावरून एक गोष्ट उघड होते: ई-मेलचा छापील कागद फायलीत लावला म्हणजे काम संपले, हा समज अपुरा आहे. छापील कागदावर पत्राचे शीर्ष, म्हणजे ते कोणकोणत्या सर्व्हरमधून कोणत्या क्षणी गेले याची नोंद, बहुधा येतच नाही. ती मूळ फाइलमध्ये असते.

पुराव्याच्या बाबतीत महाराष्ट्राच्या जालना मतदारसंघातील एक निवडणूक याचिका देशभर दाखला ठरली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्याविरुद्ध अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले, आणि वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रफितींवर येऊन ठेपला. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्राची आवश्यकता ठामपणे सांगितली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांचे झाले असून त्यात फाइलची ‘हॅश’ किंमत, म्हणजे मजकुरात एक अक्षर बदलले तरी बदलणारा गणिती अंक, नोंदवावी लागते. ज्याने आपली पत्रे वेळच्या वेळी, तारीखवार, न बदलता एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवली आहेत, त्याला हे प्रमाणपत्र देणे सोपे जाते. ज्याच्याकडे केवळ छापील कागद आणि आठवण आहे, त्याची वाट बिकट आहे.

कायद्याइतकीच मुदतही लक्षात घेण्याजोगी आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब व त्यासंबंधीची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. इतकी वर्षे एकच लॅपटॉप, एकच हार्ड डिस्क आणि एकच पासवर्ड टिकेल, असे मानणे म्हणजे नशिबावर भार टाकणे होय. त्यात रायपूरचा मे महिना! ४५ अंशांच्या उन्हात बंद मोटारीत राहिलेला लॅपटॉप आणि त्यानंतरची पावसाळी दमट हवा यांची सवय यंत्रांना असतेच असे नाही.

बॅकअपचा विषय निघाला की बहुतेक जण ‘माय डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर बाह्य डिस्कवर उतरवतात आणि निश्चिंत होतात. नेमका घोटाळा येथेच होतो. विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी असलेला आउटलुक एक्स्प्रेस आपली पत्रे ‘डीबीएक्स’ प्रकारच्या फाइलींत ठेवत असे, आणि त्या फाइली एरवी पडद्यावर न दिसणाऱ्या, लपवलेल्या फोल्डरांच्या तळाशी असत. संगणक बिघडला की तंत्रज्ञ येई, डॉक्युमेंट्स आणि छायाचित्रे काढून घेई, विंडोज नव्याने घाली, आणि मालकाला पत्रपेटी रिकामी झाल्याचे दुसऱ्या दिवशी कळे. यात तंत्रज्ञाला दोष देणे योग्य नव्हे. त्याला जे दाखवले तेवढे त्याने वाचवले. पत्रांची जागा निराळी आहे हे ज्याला ठाऊक असायला हवे, तो पत्रांचा मालक.

कार्यालयांत रुळलेल्या आउटलुकमध्ये पत्रे, पत्ते आणि दिनदर्शिका हे सारे ‘पीएसटी’ या एकाच फाइलमध्ये बांधलेले असते. २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत या फाइलची मर्यादा २ जीबी होती, आणि ती ओलांडली की फाइल उघडेनाशी होई. २००३ पासून ही मर्यादा २० जीबी आणि २०१० पासून ५० जीबी झाली. सोय वाढली, पण त्याबरोबर एका फाइलमध्ये पंधरा-पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार कोंबण्याची सवयही वाढली. पत्रे सर्व्हरशी जुळवून ठेवणाऱ्या खात्यात मात्र ‘ओएसटी’ नावाची फाइल असते. ती नुसती उचलून दुसऱ्या संगणकावर नेली तर सहसा उघडत नाही. आउटलुकमधील ‘एक्सपोर्ट’ या सोयीने तिची पीएसटी करून घ्यावी लागते. थंडरबर्ड हा विनामूल्य प्रोग्रॅम आपली पत्रे ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरात ‘एमबॉक्स’ या साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवतो. दीर्घ जपणुकीसाठी हेच स्वरूप अधिक भरवशाचे मानले पाहिजे. ते वाचायला एखाद्या कंपनीच्या विशिष्ट प्रोग्रॅमवर अवलंबून राहावे लागत नाही. आणि प्रोग्रॅम कधी निवृत्त होतील याचा नेम नसतो. आउटलुक एक्स्प्रेसची जागा २००७ मध्ये विंडोज व्हिस्टातील नव्या प्रोग्रॅमने घेतली, विंडोज लाइव्ह मेलचा आधार जानेवारी २०१७ मध्ये काढून घेतला गेला, आणि विंडोजमधील मेल हा प्रोग्रॅमही ३१ डिसेंबर २०२४ रोजी निकालात निघाला.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: ‘आता पत्रे कंपनीच्या सर्व्हरवरच असतात, मग प्रत कशाला?’ आक्षेप निराधार नाही. पूर्वीच्या ‘पॉप’ पद्धतीत पत्र संगणकावर उतरले की सर्व्हरवरून सहसा पुसले जाई. आजच्या ‘आयमॅप’ पद्धतीत ते सर्व्हरवर राहते आणि संगणकावर व मोबाइलवर त्याचे प्रतिबिंब दिसते. परंतु आरशातील प्रतिबिंबाला कोणी नक्कल म्हणत नाही. मोबाइलवर अनवधानाने पुसलेले पत्र थोड्याच वेळात संगणकावरूनही नाहीसे होते, आणि कचरापेटीची मुदत संपली की सर्व्हरवरूनही. शिवाय, फुकटच्या १५ जीबी जागेत पत्रांबरोबर मोबाइलमधील छायाचित्रेही दाटीवाटीने राहतात. जागा भरल्याची सूचना आली की माणूस जड जोडपत्रे असलेली जुनी पत्रे शोधून पुसतो, आणि ही जड पत्रे म्हणजे नेमकी बिले, करारनामे आणि मंजुरीपत्रे असतात!

मोठ्या कंपन्यांनाही वेगळ्या प्रतीवाचून गत्यंतर नसते, हे २७ फेब्रुवारी २०११ रोजी दिसून आले. जीमेलच्या सॉफ्टवेअरमधील एका दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के खातेदारांच्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. गूगल पत्रांच्या अनेक प्रती निरनिराळ्या केंद्रांत ठेवते. तरी दोष सॉफ्टवेअरचा असल्याने अनेक प्रती एकदमच बाधित झाल्या. पत्रे परत मिळाली ती चुंबकीय फितींवरून. त्या जाळ्याला जोडलेल्या नव्हत्या म्हणून सुरक्षित राहिल्या होत्या. जगातील अग्रगण्य कंपनीला जी वेगळी प्रत उपयोगी पडली, ती रायपूरच्या दुकानदाराला अनावश्यक कशी ठरेल?

बाह्य डिस्क घेणे आज मोठ्या खर्चाचे नाही, आणि प्रत करण्याची कृतीही अवघड नाही. ई-मेलचा प्रोग्रॅम प्रथम पूर्ण बंद करावा, कारण तो उघडा असेल तर फाइल अडकून राहते किंवा अर्धवट उतरते. मग पीएसटी फाइल किंवा थंडरबर्डचे संपूर्ण प्रोफाइल डिस्कवर तारखेचे फोल्डर करून उतरवावे. जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवू नये. आज पुसले गेलेले पत्र गेल्या तिमाहीच्या प्रतीत सापडू शकते. पुष्कळ पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ या मांडणीत येतात आणि त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. डिस्कवर जागा मोकळी दिसते, तरी संगणक नकार देतो, आणि ग्राहक डिस्कच खराब आहे असे समजून प्रयत्न सोडतो. अशा वेळी मांडणी ‘एनटीएफएस’ किंवा ‘एक्सफॅट’ करून घ्यावी. मात्र तसे करताना डिस्कवरील आधीचा मजकूर पुसला जातो, हे ध्यानात असू द्यावे. ज्यांची पत्रे केवळ ब्राउझरमध्ये उघडतात, त्यांना गूगलच्या ‘टेकआउट’ या सोयीने सर्व पत्रे एमबॉक्स स्वरूपात उतरवून घेता येतात.

प्रत झाली की डिस्क संगणकापासून काढून ठेवणे हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच आळसाने राहतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरातील संगणकांच्या फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा संगणकाला जोडलेल्या डिस्कही त्याच्या तावडीतून सुटत नव्हत्या. चोवीस तास जोडलेली बाह्य डिस्क ही नावापुरतीच बाह्य. शक्य असल्यास दोन डिस्क असाव्यात, एक पेढीत आणि एक घरी. लॉकरमध्ये दागिने आणि दस्तऐवज ठेवणाऱ्या ग्राहकाने त्यांच्या शेजारी वर्षातून एकदा एक डिस्क ठेवली, तर तीही दस्तऐवजच ठेवल्यासारखी आहे. अर्थात, डिस्कवर आधार, पॅन, खात्याचे उतारे असे सारे काही उतरलेले असते. ती हरवली तर चोराला आयते दप्तर मिळेल. म्हणून तिला पासवर्डचे संरक्षण हवे, आणि तो पासवर्ड घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीला ठाऊक हवा.

येथे बँकांच्या कामकाजाविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. शाखांनी गेल्या काही वर्षांत ग्राहकांकडून ई-मेल पत्ता घेतला, संमती घेतली आणि छापील उतारे थांबवले. कागद वाचला, टपालखर्च वाचला. परंतु उतारा जपण्याची जबाबदारी आता पूर्णपणे ग्राहकावर आली, हे त्याला कोणी समजावून सांगितले? पासवर्ड कोणाला सांगू नका, ही सूचना प्रत्येक भिंतीवर आहे. आलेले पत्र जपून ठेवा, ही सूचना अपवादानेच आढळते. ई-स्टेटमेंटच्या अर्जावर सही घेताना काउंटरवरील कर्मचाऱ्याने एवढे एक वाक्य बोलणे, हा सेवेचाच भाग मानला पाहिजे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: पत्ता वैयक्तिक आहे की नोकरीच्या ठिकाणचा? रायपूर-भिलाई पट्ट्यात आयुष्यभर एकाच कारखान्यात वा कचेरीत नोकरी केलेली कितीतरी माणसे आहेत. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयीन ई-मेल बंद होतो, आणि गृहकर्जाचे मंजुरीपत्र, विम्याच्या पावत्या, व्याजाची प्रमाणपत्रे त्या बंद पेटीत राहतात. पत्रे मिळाली तरी उताऱ्याचा पासवर्ड नावाची चार अक्षरे आणि जन्मतारीख असा होता की खातेक्रमांकाचे अंक असा होता, हे आठ वर्षांनी आठवेलच असे नाही. म्हणून उतारे डिस्कवर उतरवतानाच त्या-त्या बँकेच्या पासवर्डची पद्धत कागदावर टिपून ठेवावी. पासवर्ड नव्हे, पद्धत.

नामनिर्देशनाचा मुद्दाही यास जोडूनच येतो. खात्याला वारसाचे नाव लावा, असे बँका आग्रहाने सांगतात. ई-मेलच्या पेटीला वारस नेमण्याचा विचार मात्र फार थोड्यांनी केलेला असतो. गूगलने २०१३ पासून ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ ही सोय ठेवली आहे. तिच्यात खाते ठरावीक काळ वापरात नसेल तर कोणाला कळवावे व काय द्यावे हे आधीच नोंदवता येते. दोन वर्षे वापर नसलेले वैयक्तिक खाते पुसण्याचे त्या कंपनीचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले आहे. घरातील कर्ता माणूस गेल्यावर मुदत ठेवी, विमा आणि येणी यांचा माग काढताना कुटुंबाला पहिला धागा त्याच्या पत्रांतच सापडतो. पुण्याला किंवा परदेशी राहणारी मुले रायपूरला येऊन कपाट उघडतात, कागद सापडत नाहीत, आणि मोबाइल कुलूपबंद असतो. कपाटात तारीख लिहिलेली एक डिस्क असेल, तर त्या कुटुंबाचे कित्येक महिन्यांचे हेलपाटे वाचतात.

२०११ पासून ३१ मार्च हा दिवस जगात ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो. वर्षअखेरीच्या धामधुमीत बँक कर्मचाऱ्याला त्या दिवशी जेवायलाही सवड नसते, आणि व्यापाऱ्यालाही नसते. तेव्हा दिवस ठरवणाऱ्यांनी भारतीय पेढ्यांचा विचार केलेला दिसत नाही. त्याऐवजी एप्रिलचा दुसरा आठवडा सोयीचा. वर्षाचे हिशेब नुकतेच मिटलेले असतात आणि पत्रे अजून जागच्या जागी असतात. त्या आठवड्यात नवी प्रत करावी आणि मागच्या वर्षीची प्रत एका निराळ्या संगणकावर उघडून पाहावी. डिस्कवरील फाइल थेट न उघडता तिची प्रत त्या संगणकावर घेऊन ती उघडावी, म्हणजे मूळ प्रतीला धक्का लागत नाही. तीन वर्षांपूर्वीचे एखादे पत्र शोधावे, त्याचे जोडपत्र उघडते का ते पाहावे, आणि उघडले तर त्या दिवसाची तारीख डिस्कवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहावी. उघडले नाही, तर त्याच दिवशी दुसरी डिस्क आणावी. मूळ पत्रे तोवर संगणकात असतात.